नऊ माणसांचं माप

लोक मटणाचं खोटं सांगतात, दारूचं तर सांगतातच, आणि साखरेचं हातचं राखून सांगतात. मिठाचं मात्र कुणी खोटं सांगत नाही. खोटं सांगावं असं त्यात असतंच काय? घरोघरी जाऊन "गेल्या तीस दिवसांत तुमच्या घरात काय काय किती लागलं" हे विचारायची नोकरी चार वर्षं केल्यावर प्रियदर्शनीला एवढं कळून चुकलं होतं. मिठाचा आकडा ऐकला की घरात खाणारी तोंडं किती, ते ती मनातल्या मनात ठरवायची आणि सहसा चुकायची नाही.

म्हणूनच मेढ्याच्या वरच्या अंगाच्या त्या डोंगरी वस्तीवर लालासाहेब "दोन किलो" म्हणाले तेव्हा तिनं टॅबवरची मान वर केली.

"काका, घरात माणसं किती म्हणालात?"

"येक. मीच."

"आणि मीठ महिन्याला दोन किलो?"

"दोन. साखर आठ. चहापूड किलोभर. त्याल सात लिटर. तांदूळ तीस किलो, नाचणी न् जुंधळा मिळून चाळीस." लालासाहेबांनी हजेरी द्यावी तसं घडाघडा सांगितलं. "लिवा, लिवा. आकडा बदलत न्हाई. मेढ्याचा दुकानदार आता इचारत बी न्हाई, पयल्या तारखेला टेम्पोत घालून धाडतो."

सत्तरी ओलांडलेला, ताठ कण्याचा माणूस. फौजेत तेवीस वर्षं लंगरला, म्हणजे स्वयंपाक्याच्या कामावर होता. चार खोल्यांचं स्लॅबचं घर, अंगण सारवलेलं, दोरीवर एकच बंडी वाळत घातलेली. घरात आणखी कुणी असल्याची खूण नव्हती. प्रियदर्शनीनं विचारलं, तेव्हा त्यांनी बोटं मोडत माणसं मोजली. आई दगडाबाई, बायको मनुबाई, थोरला जयराज न् त्याची बायको, धाकटा ऋषिराज न् त्याची बायको, जयराजची लेक संयोगिता, आणि ते स्वतः. नात जन्मली त्या साली घर आठ माणसांचं झालं. मग आई गेली, मागोमाग मनुबाई गेली. जयराज बायकापोरीला घेऊन पुण्याला कंपनीत लागला. ऋषिराज फौजेत, आसामात, बायको त्याच्याबरोबर.

"म्हणजे आता तुम्ही एकटेच," ती म्हणाली. "मग हे सगळं संपतं कसं?"

"खाल्ल्यावर संपंल न्हाई तर काय," लालासाहेब म्हणाले आणि उठले. "बारा वाजलं. तुमी जेवणार नव्हं?"

प्रियदर्शनी क्षणभर घुटमळली. तिचं आडनाव ऐकल्यावर चहाचं विचारायचं विसरणारी घरं तिनं पाहिली होती, आणि विचारल्यावर कप वेगळा काढणारीही. लालासाहेबांनी आडनाव मघाशीच विचारून घेतलं होतं. तरी त्यांनी फळीवरचं आपल्या ताटाशेजारचंच ताट उचललं, अंगरख्यानं पुसलं आणि त्यात नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी, लसणाची चटणी वाढून तिच्या पुढं ठेवलं. सातारच्या खोलीवर ती एकटी राहायची. असं कुणी वाढलेलं गरम ताट तिनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. ती पोटभर जेवली.

त्या आठवड्यात शनिवारी ती सांगलीला घरी गेली. विश्रामबागेत तिचे वडील महेंद्र, भाऊ न् वहिनी असं तिघांचं घर. ती नोकरीला साताऱ्याला गेली त्याच दिवशी वहिनीनं डब्यातलं तांदळाचं माप बदललं होतं. तिघांचं म्हणजे तिघांचंच. वहिनी वाईट नव्हती, काटेकोर होती. प्रियदर्शनी न सांगता आली की भात कमी पडायचा, वडील मुकाट्यानं आपल्या ताटातला अर्धा तिच्या ताटात सरकवायचे, आणि तिला ते बघवायचं नाही.

पण त्या शनिवारी ती म्हणाली, "राहू दे बाबा. मला भूकच नाही."

ते खरं होतं. लालासाहेबांकडून आल्यापासून रोज दुपारी बाराच्या सुमारास तिचं पोट भरून यायचं. जेवून उठल्यावर येते तशी सुस्ती यायची. ऑफिसात डबा उघडायची आणि तसाच झाकायची. पित्त असेल, असं तिनं मनाला सांगितलं. पण पित्तानं तोंडाला लसणाची चटणी कशी लागेल?

इकडं तानाजी सर तिच्यावर वैतागले होते. ते तिचे वरिष्ठ. "एका माणसाला महिन्याला आठ किलो साखर? मशीन लाल दाखवतंय. आठानं भाग आणि भरून टाक, कोण बघतंय?"

"सर, मी विचारलं ते भरलं."

"मग परत जा. तसंही तीन महिने जायचंच आहे तुला. पण डोळे उघडे ठेवून जा. म्हातारा धान्य विकत असेल."

डिसेंबरात ती गेली तेव्हा आधी शेजारच्या धोंडुबाईंकडं डोकावली. धोंडुबाई विधवा, कोंबड्या पाळून एकट्या राहणाऱ्या. विकायचा विषय काढल्यावर त्यांनी कानाला हात लावला. "आवं ताई, त्यो माणूस कुणाला मूठभर इकत न्हाई न् मला शिळी भाकरी बी देत न्हाई. उरतच न्हाई, म्हनतो. मी इचारायचं सोडलं."

लालासाहेब चुलीसमोर बसून भाकऱ्या थापत होते. गॅस आमटी-भाताला, भाकरी चुलीवरच. त्यांनी तिला बसायला पाट दिला आणि न विचारताच आकडे सांगायला लागले. तिनं टॅब उघडला. मीठ सव्वादोन किलो. साखर नऊ. तेल आठ लिटर.

"काका, हे वाढलं की."

"वाढणारच. तुमी जेवून गेला नव्हं? तवापासनं नवाचं लागतंय."

प्रियदर्शनीच्या हातातली टॅबवर लिहायची काडी थांबली. म्हातारा गंमत करत नव्हता. पाहुणा आला की चहाचं पाणी वाढवावं, तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं होतं.

"काका, मी त्या दिवशी एकदाच जेवले."

"एकदा जेवलं की सवय लागती, पोरी. घराला बी लागती." त्यांनी शेवटची भाकरी दुरडीत टाकली, पातेल्यांवर झाकण्या ठेवल्या, आपलं ताट वाढून घेतलं आणि बाहेर निघाले. "चला. दार वढून घ्या."

तिनं बाहेर पडण्याआधी भाकऱ्या मोजल्या. त्यांच्या दोन सोडून सोळा. पातेलं काठोकाठ आमटीनं भरलेलं, भाताचा टोप वाफाळता. खिडकीला गज, मागचं दार आतून कडी लावलेलं. तिनं कडी हलवून बघितली. मग स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि दारासमोरच ओट्यावर बसली. लालासाहेब शेजारी बसून शांतपणे जेवत होते. लख्ख ऊन पडलं होतं, धोंडुबाईंची कोंबडी अंगणात उकरत होती. आत काही आवाज नाही.

"तुम्ही कधी बघितलं नाही, आत काय होतं ते?"

"जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघू न्हाई," लालासाहेब म्हणाले. "लंगरला बी आमी बघत नव्हतो. वाढायचं न् मागं सरायचं."

ती पुढं काही विचारणार होती, तेवढ्यात पोटात ऊब उतरत गेली. घास गिळला नव्हता, तरी प्रत्येक घास खाली जाताना जाणवत होता. तिनं तोंडावर हात दाबून धरला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग तिला एक मोठा ढेकर आला आणि लालासाहेबांनी मान डोलावली. "झालं," ते म्हणाले.

तिनं उठून दार उघडलं. दुरडीत कोंड्याचे कण होते. आमटीचं पातेलं तळाला पुसून घेतल्यासारखं, आणि त्यात ठेवलेली पळी अजून ओली. टोपात एक शीत नव्हतं. मागच्या दाराची कडी होती तशी होती.

ती मेढ्यापर्यंत चालत आली. एस. टी. उभी होती, पण बसमध्ये बसायचं भान तिला बऱ्याच वेळानं आलं. भीती वाटत होती का? वाटत होती. पण त्या भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि तेच तिला जास्त छळत होतं. जन्मल्या घरातून तिचं माप एका दिवसात काढून टाकलं गेलं होतं. आणि इथं, कोण कुठल्या माणसाच्या घरात, एकदा जेवली म्हणून तिचं ताट कायमचं धरलं गेलं होतं. तिनं तानाजी सरांना नवाचे आकडे जसेच्या तसे दिले. ते ओरडले. तिनं ऐकून घेतलं.

जानेवारीच्या फेरीला गेली तर घराला कुलूप. धोंडुबाई कमरेची किल्ली काढत धावत आल्या. लालासाहेब आठ दिवसांपूर्वी, डबे भरले त्याच दिवशी, न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं. जयराज गाडी घेऊन आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना मेढ्याच्या दुकानाला माल बंद करायला सांगून गेला.

"बरं झालं तुमी आलासा," धोंडुबाई म्हणाल्या. "माझ्याच्यानं एकटीनं आत जाववंना. काल दिवा लावाय म्हनून उघडलं तर..."

कणगीत नाचणी हातभर खाली गेली होती. म्हाताऱ्यानं महिन्याच्या पहिल्या तारखेला भरलेले डबे प्रियदर्शनीनं एकेक करून उघडले. तिला आकडे पाठच होते. नऊ माणसांचे आठ दिवस जितके, तितकंच कमी झालं होतं. कच्चं. चूल गार होती, राख जुनी, तव्यावर धूळ. कच्चे तांदूळ, कच्चं पीठ, मीठ, मिरची, डाळ जेवढ्यास तेवढं गेलं होतं.

"उंदीर?" धोंडुबाईंनी आशेनं विचारलं.

"उंदीर मीठ खात नाहीत, मावशी."

तिला आठवलं, गेले आठ दिवस दुपारी पोट भरत होतं खरं, पण जड व्हायचं. दगड गिळल्यासारखं. दातांखाली पीठ कचकचायचं.

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी दुपारी ते थांबलं. बारा वाजले, साडेबारा वाजले, पोट भरलं नाही. आधी तिला हायसं वाटलं. तिनं डबा खाल्ला. मग कॅन्टीनमधून दोन चपात्या मागवल्या, मग चार, मग भात. पोटात काही पोचतच नव्हतं. विहिरीत खडे टाकावेत आणि आवाजच येऊ नये तसं. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी जयराज बोलतोय. लालासाहेबांचा मुलगा. तुमचा नंबर आबांच्या मोबाईलमध्ये सापडला." "एक विचित्र विचारतो, राग मानू नका. दुपारी तुम्हाला भूक लागते का?"

"पाच दिवस झाले," ती म्हणाली.

मग त्यानं सगळं सांगितलं. संयोगिता पाच वर्षांची होती तेव्हा ते पुण्याला आले. पोरगी तेव्हापासून शाळेचा डबा कधी खात नव्हती. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळं ठीक. दुपारी त्याला स्वतःलाही जेवण जात नव्हतं, बायकोलाही नाही. आसामात ऋषिराज दुपारचं ताट घेत नाही म्हणून त्याचे जोडीदार त्याला चिडवायचे. कुणी कुणाला बोललं नव्हतं. आणि आता पाच दिवस घरात माणसं खातायत, खातायत, आणि रडतायत. "आबा म्हणतात, घरात राशन संपलं. दुसरं काही सांगत नाहीत. उद्या रविवार आहे. आम्ही येतोय. तुम्ही याल का? आबा म्हणाले, ती पोरगी बी हवी, ती आपल्यातलीच हाय."

रविवारी सकाळी जयराजच्या गाडीतून तांदळाची, नाचणीची पोती उतरली. लालासाहेबांना खुर्चीसकट उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं. ते हाडकले होते, पण आवाज तसाच होता. कुणी काय करायचं ते खुर्चीतूनच सांगत होते. जयराजच्या बायकोनं पीठ मळलं, प्रियदर्शनीनं भाकऱ्या थापल्या, धोंडुबाईंनी जाळ घातला. चौदा वर्षांची संयोगिता डोळे खोल गेलेली, भिंतीला टेकून दुरडीकडं बघत होती. मधेच ती भाकरी उचलायला गेली तसा लालासाहेबांनी तिचा हात धरला. "थांब बाळ. हाताची भाकरी पोटाला न्हाई लागायची. जरा दम धर."

दार ओढून सगळे ओट्यावर बसले. जयराज सारखा घड्याळाकडं बघत होता, त्याचा अजून विश्वास बसत नव्हता. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडत गेला. त्याच्या बायकोनं डोळे मिटले. संयोगितानं जीभ ओठांवरून फिरवली, मनगटानं तोंड पुसलं, आणि हुंदके देत आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवलं. उन्हात पाच माणसं घासभरही न खाता पोटभर जेवून उठली. त्या पाचांत प्रियदर्शनीही होती.

"आबा, हे बंद करायचं," जयराज म्हणाला. "कसंही करून. माझी पोरगी मरंल अशानं."

"बंद करायचं तर हळूहळू करावं लागंल," लालासाहेब म्हणाले. "आमच्या युनिटला खेचरं हुती. खेचराचा दाणा येकदम तोडला तर ते उभ्या उभ्या मरतं. रोज मूठभर कमी करायचा. त्याला कळू द्यायचं न्हाई. तुमी येकदम तोडलंसा, म्हनून हे झालं."

"मग कमी करायचं कुणाचं?" जयराजच्या बायकोनं विचारलं. आईचं, म्हणजे दगडाबाईंचं? मनुबाईंचं? गेलेल्या माणसाच्या तोंडचा घास काढा असं कोण म्हणणार, आणि जित्याच्या तोंडचा काढा असं तरी कोण?

"पयलं माझं काढा," लालासाहेब म्हणाले.

ठरलं ते असं. दुकानाचा माल पुन्हा सुरू करायचा. धोंडुबाईंनी रोज येऊन रांधायचं, दार ओढायचं आणि दर पंधरवड्याला पिठातली एक मूठ, तांदळातली एक मूठ कमी घ्यायची. ज्याची मूठ काढली जाईल त्यानं आपल्या गावी बसून तेवढंच हातानं खायला शिकायचं. सहा पंधरवड्यांत लालासाहेबांचं माप संपलं असतं.

मार्चात सर्वेक्षणाचं काम आटोपलं, प्रियदर्शनीचा करार संपला आणि ती सांगलीला परतली. वहिनीनं चारांचं माप धरायला सुरुवात केली. दुपारी तिच्या ताटातलं उरायचं. "साताऱ्याचं पाणी बाधलं हिला," वहिनी म्हणायची. वडील जेवताना तिच्या तोंडाकडं बघत राहायचे. जयराजचा आठवड्याला फोन यायचा. आबा आता दुपारी थोडा भात खातात, म्हणायचा. पुढच्या फोनला, एक चपाती खातात. त्यापुढच्याला, खातात पण वाळत चाललेत.

चार मुठी कमी झाल्या होत्या तेव्हा, एप्रिलात, पुण्यातच लालासाहेब गेले. झोपेत गेले. डॉक्टरांनी वय सांगितलं. जयराज फोनवर एवढंच म्हणाला, "मुठीचं मी कुणाला बोललो नाही."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडुबाईंचा फोन आला. प्रियदर्शनी विश्रामबागेतल्या घराच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"ताई, जयराज फोन उचलंना. तुमास्नी इचारती. त्यास्नी जाऊन तेरा दिस झालं. आता त्यांची उरलेली वाटणी बी टाकायची न्हाई नव्हं? सगळीच काढायची?"

"काय झालं मावशी?"

"मी रोज दार वढून बाहीर बसती. आजवर आवाज कवाच न्हाई आला. पर ते गेल्यापासनं जेवणं झाल्यावर आतनं खरवडल्यावानी येतंय. पळीनं पातेलं खरवडावं तसं. आज लय येळ खरवडत हुतं, ताई. मी दार उघडलं तवा पातेलं फिरत हुतं."

प्रियदर्शनीनं हातातला ओला टॉवेल दोरीवर टाकला. खाली रस्त्यानं कॉलेजची पोरं गाड्या उडवत चालली होती. तिनं कठडा धरला. सगळीच काढा म्हणणं सोपं होतं. ठरलंही तेच होतं, आणि ठरवणारे लालासाहेबच होते. पण फळीवरचं ताट उचलून अंगरख्यानं पुसणारा माणूस तिला दिसत राहिला.

"मावशी," ती म्हणाली, "चारी मुठी परत टाका."

"आन् जयराज?"

"त्यांना मी सांगते."

"टाकती," धोंडुबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम हलका झाला. "मला बी तेच वाटत हुतं."

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला वहिनीनं हाक मारली, "ताई, पानं घेतलीत." प्रियदर्शनी येऊन वडिलांशेजारी बसली. भाताचा पहिला घास तिनं हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"भूक नाही का?" वडिलांनी विचारलं.

"आहे," ती खोटं बोलली, आणि त्यांच्याकडं बघत तो घास तिनं तोंडात घातला.